पांघरुणाबाहेरचे पाय

रात्री ओटा पुसून झाला की आई काशाची वाटी घेऊन बसायची. तळपायाला तूप लावायचं आणि वाटीच्या बुडाने घासत राहायचं. थोड्या वेळात तूप काळं पडायचं. "बघ, केवढी उष्णता निघाली," असं म्हणून ती समाधानाने पाय पुसायची. झोपताना मात्र पाय पांघरुणाच्या बाहेरच. ऐन थंडीतही उघडे तळवे गार फरशीला टेकवलेले. वाटीने तिला घटकाभर बरं वाटायचं, यात शंका नाही. पण तो काळेपणा उष्णतेचा नव्हता. काशातल्या धातूचा बारीक अंश तुपात आणि घामात मिसळतो, त्याचा तो रंग. आईच्या पायांची आग आठ वर्षं 'उष्णता' या एका शब्दात बसवली गेली. नवव्या वर्षी चष्म्याचा नंबर काढायला गेली, तिथल्या डॉक्टरांनी साखर तपासून यायला सांगितलं आणि मधुमेह निघाला. आणखी दोन वर्षांनी कळलं की बी-१२ जीवनसत्त्वही तळाला गेलेलं आहे.

तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत आलो, भेटेल त्या डॉक्टरांना विचारत आलो. हातापायांना मुंग्या येणं आणि आग होणं ही इतकी सर्रास तक्रार आहे की घराघरात तिच्यावर एकेक ठरलेलं उत्तर तयार असतं. उष्णता, अशक्तपणा, वात, कॅल्शियम कमी, रक्त नीट फिरत नाही. कारणं मात्र शंभरावर आहेत. त्यांतली काही निरुपद्रवी, काही वेळेत सापडली तर पूर्ण बरी होणारी, तर काहींत दोन दिवसांचा उशीरही महागात पडणारा. नेमकं कारण कुठलं, याचा पहिला पुरावा बहुतेक वेळा रुग्णाच्याच बोलण्यात असतो.

मराठीत या तक्रारीसाठी शब्दांना तोटा नाही. मुंग्या येतात, झिणझिण्या येतात, चुरचुरतं, टाचण्या टोचतात, पाय बधिर होतात, तळव्याखाली गादी किंवा वाळू असल्यासारखं वाटतं, चप्पल पायातून केव्हा निसटली ते कळत नाही. डॉक्टरांसमोर बसल्यावर मात्र हे सगळं गळून पडतं आणि "पाय दुखतात हो" एवढंच तोंडातून येतं. तिथेच अर्धी माहिती हरवते. आपल्या मज्जातंतूंत बारीक आणि जाड असे दोन्ही प्रकारचे धागे असतात. बारीक धागे वेदना, उष्ण आणि थंड यांची खबर मेंदूला देतात. ते बिघडले की आग होते, चुरचुरतं, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. जाड धागे कंपन आणि सांध्यांची स्थिती कळवतात. ते बिघडले की गादीवर चालल्यासारखं होतं, चप्पल निसटते, डोळे मिटून तोंडावर पाणी मारताना बेसिनपाशी तोल जातो. म्हणजे रुग्णाने 'आग' म्हटलं की 'गादी' म्हटलं, यावरून तपासाची दिशा बदलते.

आग हा शब्द तर शास्त्राच्या कसोटीवरही खरा उतरतो. ठेच्यासाठी किलोभर हिरव्या मिरच्या चिरल्यावर हातांची रात्रभर आग होते. हात तर गार असतात, मग आग कशाची? अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली याचं उत्तर शोधलं. मज्जातंतूच्या टोकावर उष्णता ओळखणारं एक प्रथिन असतं आणि मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं तेच प्रथिन चेतवतं. मेंदूला जाणारा निरोप चटक्याचाच असतो. या कामासाठी ज्युलियस यांना २०२१ सालचं नोबेल मिळालं. आजारी मज्जातंतूही असेच खोटे निरोप धाडतात. म्हणून हात लावला तर पाय गार लागतो आणि आतून मात्र पेटलेला असतो. घरच्यांना हे पटत नाही, "पाय तर थंडगार आहेत" असं म्हणून ते विषय मिटवतात. रुग्ण खोटं बोलत नसतो. खोटा असतो तो मज्जातंतूचा निरोप.

'रक्त फिरत नाही' या समजुतीबद्दलही थोडं सांगायला हवं. पंगतीत मांडी घालून तासभर बसलं की पायाला मुंग्या येतात, तेव्हा मुख्यतः मज्जातंतूवर दाब पडलेला असतो. उठून पाय झटकले की दोन-चार मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. त्यात चिंतेचं काही नाही. रक्तपुरवठ्याचा आजार वेगळा दिसतो. चालताना पोटरीत कळ येते, थांबलं की जाते, बोटं पांढरी किंवा निळी पडतात, नखाशेजारची जखम भरत नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुण पुरुषांमध्ये बर्जरचा आजार होतो, त्यात बोटं काळी पडून कापावी लागतात. तिथे तंबाखू पूर्ण सोडणं हाच उपचाराचा गाभा आहे.

आता तक्रार शरीरात नेमकी कुठे आहे, त्या नकाशाकडे येऊ. कमरेतून निघून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचणारा मज्जातंतूचा धागा सुमारे एक मीटर लांब असतो. त्याला लागणारा बराचसा माल पाठीच्या कण्याजवळच्या पेशीत तयार होतो आणि तिथून टोकापर्यंत वाहून न्यावा लागतो. साखर, विष, जीवनसत्त्वांचा अभाव अशा सगळ्या शरीराला ग्रासणाऱ्या कारणांनी ही वाहतूक ढासळली की सर्वांत लांबचं टोक आधी उपाशी पडतं. म्हणून सुरुवात दोन्ही पायांच्या बोटांत होते, मग ती मोज्यासारखी वर चढते. गुडघ्याच्या आसपास पोचते तोवर हातांच्या बोटांची पाळी येते, कारण तोपर्यंतचं अंतर जवळपास सारखं भरतं. पायात मोजे आणि हातात हातमोजे, असा हा आकार. याउलट एकाच हाताची ठरावीक बोटं, एकच पाय, शरीराची एकच बाजू असा प्रकार असेल, तर कारण कुठेतरी एका जागी दडलेलं असतं.

मोजे-हातमोजे प्रकारात आपल्याकडे पहिला संशय मधुमेहावर घ्यायचा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरच्या लोकांचेही पाय जळू शकतात. "साखर बॉर्डरवर आहे, काळजी नको" असं ऐकून घरी आलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं. वाढलेल्या साखरेने मज्जातंतूंना रक्त पोचवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या बिघडतात आणि खुद्द धाग्यांतही रासायनिक बिघाड होतो. साखर आवरल्याने किती फरक पडतो? पहिल्या प्रकारच्या, म्हणजे बहुधा लहान वयात सुरू होणाऱ्या मधुमेहात पुष्कळच. १९९३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं की साखर काटेकोर ठेवल्यास मज्जातंतूंचा बिघाड ६० टक्क्यांनी टळतो. प्रौढपणी होणाऱ्या दुसऱ्या प्रकारात फायदा आहे, पण इतका नाही. तिथे वजन, चालणं, रक्तदाब, चरबी, तंबाखू हे सगळंच सांभाळावं लागतं. आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. वर्षानुवर्षं चढलेली साखर काही आठवड्यांत झपाट्याने उतरवली, तर कधीकधी पायांची आग उलट भडकते. रुग्ण घाबरतो आणि औषध सोडून देतो. ही भडक बहुधा काही महिन्यांत निवते, औषध सोडायचं नसतं.

बी-१२ हा विषय मात्र आपल्या स्वयंपाकघरातलाच आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. हे जीवनसत्त्व झाडं बनवत नाहीत, प्राणीही बनवत नाहीत, फक्त जीवाणू बनवतात. आपल्यापर्यंत ते मांस, मासे, अंडी आणि दुधातून येतं. पालक, बीट, खजूर, मोड आलेली मटकी हे सगळं उत्तम अन्न आहे, पण त्यात बी-१२ नाही. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, म्हणजे डोळ्यांना दिसणारही नाही इतकी. पेलाभर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम मिळतं. आता शाकाहारी घरातली पन्नाशीची बाई दिवसभरात किती दूध पिते ते बघावं. दोन वेळच्या चहातलं चमचा-दोन चमचे दूध आणि जेवणाच्या शेवटी पातळ ताक. सकस दूध मुलांना आणि नवऱ्याला. आमच्या घरीही तेच होतं.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या प्रश्नाचा अनेक वर्षं पाठपुरावा केला आहे. त्यांच्या गटाने २००६ साली पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या ६७ टक्क्यांच्या रक्तात बी-१२ कमी होतं आणि शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होतं. खाऊनपिऊन सुखी म्हणवणाऱ्या वर्गात दहातले आठ! कमी पातळी असलेल्या प्रत्येकाला मुंग्या येतातच असं नाही. पण ज्याला येतात त्याचं बी-१२ तपासायचं राहून गेलं, तर ती अक्षम्य हयगय म्हणावी लागेल.

बी-१२ शरीरात शिरायचं तर पोटात आम्ल हवं आणि जठरात तयार होणारा एक खास प्रथिन-घटक हवा. वय वाढतं तसं दोन्ही घटतं. त्यात पित्तासाठी रोज सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल घेणारे घरोघरी आहेत. ही औषधं आम्ल कमी करतात, म्हणून दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ही कमी होऊ शकतं. मधुमेहासाठी सर्वाधिक दिलं जाणारं मेटफॉर्मिन बी-१२चं शोषण घटवतं. म्हणजे मधुमेही, शाकाहारी, साठीचा आणि पित्ताची गोळी खाणारा माणूस चार बाजूंनी घेरलेला असतो. त्याचे पाय जळू लागले की सगळा दोष साखरेवर जातो आणि बी-१२ कुणी बघत नाही. मेटफॉर्मिन वाईट आहे असा याचा अर्थ नाही. ते चालू असताना अधूनमधून बी-१२ तपासावं, एवढंच.

यात आणखी तीन खाचखळगे आहेत. पहिला असा की बी-१२ कमी पडलं की रक्तातल्या तांबड्या पेशी मोठ्या होतात, हे पुस्तकात असतं. आपल्याकडे जोडीला लोहही कमी असतं आणि त्याने पेशी लहान होतात. दोन्हींची वजाबाकी होऊन रक्ताचा अहवाल सरळ दिसतो. शिवाय मज्जातंतूंचा बिघाड पंडुरोगाशिवायही होतो, तेव्हा "हिमोग्लोबिन बारा आहे, म्हणजे बी-१२ ठीक" हा हिशेब चुकीचा. दुसरा, नुसतं फोलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारतं, पण मज्जातंतूंची पडझड आतून चालूच राहते. तिसरा खाचखळगा सर्वांत नेहमीचा. आधी महिनाभर गोळ्या खायच्या आणि मग रक्त तपासायचं. आकडा भरघोस येतो आणि मूळ कमतरता कायमची झाकली जाते. रक्त आधी, गोळी नंतर.

बी-१२ची कमतरता हातापायांच्या मज्जातंतूंवर थांबत नाही, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत पोचते. अंधारात तोल जातो, चाल बिघडते, विसराळूपणा येतो. लवकर सापडलं तर बहुतेक सारं परत येतं. उशिरा सापडलं तर जे गेलं ते पूर्ण परत येत नाही.

जीवनसत्त्वांची ही कहाणी भातापासून सुरू झाली. १८९०च्या दशकात जावा बेटावर क्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरांच्या लक्षात आलं की पॉलिश केलेला भात खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा खायला घातला की त्या बऱ्या होतात. माणसांतला बेरीबेरी हाच आजार होता. पायांना मुंग्या, बधिरपणा, मग अशक्तपणा. कोंड्याबरोबर बी-१ फेकून दिलं जात होतं. आइकमान यांना १९२९ साली नोबेल मिळालं. कोकणात आणि गोव्यात खातात त्या उकड्या तांदळाचं मोल इथे कळतं. भात सालीसकट उकडताना साल-कोंड्यातलं बी-१ दाण्याच्या आत उतरतं आणि सडल्यावरही बरंचसं टिकतं. शहरात गेल्यावर ज्यांनी लाज वाटून उकडा सोडला, त्यांनी जरा फेरविचार करावा. आज बी-१च्या अभावाने पाय जळणारे भेटतात ते मुख्यतः दारूच्या आहारी गेलेले, सतत उलट्या होणाऱ्या गरोदर बाया आणि वजन घटवायच्या शस्त्रक्रियेनंतरचे रुग्ण. दारू तर दुहेरी मारते. ती जेवण हटवते आणि मज्जातंतूंवर थेट विषासारखीही चालते.

पाय जळण्याला वैद्यकात एक भारतीय नावच मिळालं आहे. १८२६ साली कलकत्त्याच्या वैद्यकीय सभेच्या नियतकालिकात ग्रिअर्सन या डॉक्टरने इथल्या लोकांच्या पायांच्या आगीबद्दल लिहिलं. पुढे १९४६ साली, कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम करणाऱ्या डॉ. सी. गोपालन यांनी याच विकाराचा शोध घेतला. पँटोथेनिक ॲसिड हे ब गटातलं जीवनसत्त्व दिल्यावर रुग्णांना आराम पडतो, असं त्यांनी नोंदवलं. ग्रिअर्सन-गोपालन सिंड्रोम हे नाव त्यावरून आलं. दुसऱ्या महायुद्धात जपानी छावण्यांतले उपाशी युद्धकैदीही रात्ररात्र जळते पाय घेऊन येरझाऱ्या घालत. भुकेचा आणि तळव्यांच्या आगीचा संबंध असा फार जुना आहे.

कमतरतेइतकाच अतिरेकही वाईट. बी-६ कमी पडलं तरी मुंग्या येतात आणि फार झालं तरी येतात. १९८३ साली अमेरिकी डॉक्टरांनी दिवसाला काही ग्रॅम बी-६ घेणाऱ्या रुग्णांचे हातपाय बधिर झाल्याचं नोंदवलं. 'जीवनसत्त्वच आहे, जास्त झालं तर लघवीवाटे जाईल' हा समज इथे खोटा पडतो. क्षयरोगावरच्या आयसोनियाझिडमुळे बी-६ घटतं म्हणून जोडीला त्याची छोटी गोळी देतात, ती टाळू नये. औषधाला दाद न देणाऱ्या क्षयावर वापरतात त्या लिनेझोलिडनेही पाय जळू लागतात. ते लगेच डॉक्टरांच्या कानावर घालावं, औषध आपल्या मनाने थांबवू नये.

आपल्या अंगणातली सदाफुली इथे आठवते. तिच्यातून व्हिन्क्रिस्टीन मिळतं. रक्ताच्या कर्करोगातून असंख्य मुलं वाचली त्यात या औषधाचा मोठा वाटा आहे, पण ते मज्जातंतूंच्या वाहतुकीची वाट अडवतं, म्हणून बोटांना मुंग्या येतात. आणि हीच सदाफुली 'साखरेवर उतारा' म्हणून रोज सकाळी चावून खाणारे लोक मी पाहिले आहेत. मधुमेह्याचे मज्जातंतू आधीच दुबळे असतात. कृपा करून हे करू नये. कर्करोगावरच्या इतर औषधांपैकी सिसप्लाटिन आणि पॅक्लिटॅक्सेलनेही हातपाय बधिर होतात. ऑक्झालीप्लाटिनचं वैशिष्ट्य असं की फ्रिजमधली बाटली हातात धरली की बोटांत झिणझिण्या उठतात.

जड धातूंचं सांगायचं तर पश्चिम बंगालमध्ये १९८३च्या सुमारास कूपनलिकांच्या पाण्यातलं आर्सेनिक उघड झालं. त्यात तळहात-तळपाय खरखरीत होतात आणि हातापायांची आग होते. आपल्याकडे धातूंचा मार्ग वेगळा असू शकतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात इंटरनेटवर विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक उत्पादनं तपासली. साधारण पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक आढळलं. म्हणून पुडीतून दिलेलं, लेबल नसलेलं औषध चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगावं. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

कुष्ठरोगाचं नाव काढलं की लोक दचकतात, म्हणूनच ते काढायला हवं. भारताने डिसेंबर २००५मध्ये राष्ट्रीय पातळीवर निर्मूलनाचं उद्दिष्ट गाठलं, म्हणजे दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण. आजार संपला असा त्याचा अर्थ नव्हता. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडे हा आजार अजून भेटतो. हा जंतू शरीराच्या थंड भागातल्या मज्जातंतूंत वस्ती करतो. कोपराच्या आतल्या बाजूला मज्जातंतू दोरीसारखा जाड लागतो, करंगळीला मुंग्या येतात, त्वचेवर फिकट चट्टा उठतो आणि त्या चट्ट्याला स्पर्श कळत नाही. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं, सहा महिने ते वर्षभर घ्यावं लागतं आणि रोग बरा होतो. वरोऱ्याच्या आनंदवनाने महाराष्ट्राला कुष्ठरोग्याकडे माणूस म्हणून पाहायला शिकवलं. तरी चट्टा लपवणं अजून थांबलेलं नाही.

याच आजाराने वैद्यकाला वेदनेबद्दल मोठा धडा दिला. वेल्लोरला १९४६ साली आलेले शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की कुष्ठरोग्यांची बोटं रोगाने गळून पडत नाहीत. वेदना कळत नाही, म्हणून भाजतं, खुपतं, जखम चिघळते आणि बोटं झिजत जातात. मधुमेहातही हेच घडतं. एका वर्षी आई म्हणाली, "आता आग थांबली बाई एकदाची." आम्हाला आनंद झाला. चैत्रात देवळाच्या तापलेल्या दगडी फरशीवर तिने अनवाणी पाच प्रदक्षिणा घातल्या. घरी आल्यावर लादीवर ओलसर पावलं उमटलेली दिसली, तेव्हा कळलं की दोन्ही तळव्यांना फोड येऊन फुटले आहेत. तिला काहीच जाणवलं नव्हतं. आग थांबली होती, कारण खबर देणारे धागेच मेले होते. उपचाराशिवाय आपोआप शांत झालेल्या पायांची धास्ती बाळगावी, हे मी त्या दिवशी शिकलो. मधुमेह्याने वारीत डांबरी रस्त्यावर अनवाणी चालू नये, गरम पाण्यात पाय बुडवण्याआधी कोपराने पाणी बघावं, चप्पल-बूट घालण्याआधी झटकावेत आणि रोज रात्री आरसा धरून तळवे पाहावेत.

एका जागी दबलेल्या नसेचं निदान त्यामानाने सोपं, कारण बोटंच पत्ता सांगतात. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू, रात्री जाग आणणाऱ्या मुंग्या आणि हात झटकला की बरं वाटणं, हे मनगटातल्या बोगद्यात मज्जातंतू दबल्याचं चिन्ह. गरोदरपण, थायरॉईड मंदावणं, मधुमेह, संधिवात आणि दिवसभर मनगटाचं काम, ही त्यामागची नेहमीची कारणं. करंगळी आणि अनामिकेची दुसरी बाजू असेल तर दाब कोपरापाशी. कोपर दुमडून तासन्‌तास मोबाईल कानाला लावणाऱ्यांना हे होतं. मानेतून कळ हातात उतरली तर मानेचे मणके पाहावे लागतात, कमरेतून एका पायात उतरली तर कमरेचे. मांडीच्या फक्त बाहेरच्या बाजूची आग बहुतेकदा घट्ट पट्ट्याने किंवा परकराच्या आवळलेल्या नाडीने होते. नाडी सैल केली की कित्येकदा भागतं.

वाट पाहायचीच नाही अशा गोष्टी थोड्या आहेत, पण त्या पाठ असाव्यात. जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड परिसरात गुलियन-बॅरे सिंड्रोमची साथ आली, दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले आणि हे अवघड नाव घराघरात पोचलं. दूषित पाण्यातून किंवा अन्नातून जुलाब होतात, ते थांबतात, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी जंतूविरुद्ध उठलेली शरीराची फौज स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. पहिली खूण पायाच्या मुंग्यांची. मग दोन-चार दिवसांत जिना चढवत नाही, खुर्चीतून उठवत नाही, अशक्तपणा वर सरकतो आणि श्वासापर्यंत पोचू शकतो. वेळेत इम्युनोग्लोब्युलिन मिळालं किंवा रक्तद्रव बदलला तर बहुतेक रुग्ण सावरतात. तेव्हा मुंग्यांबरोबर ताकद दिवसागणिक घटत असेल तर गोळीचा गुण येण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावं. चेहरा-हात-पाय असं एकाच बाजूला अचानक बधिर झालं तर तो पक्षाघात असू शकतो. कंबरदुखीबरोबर बसायच्या जागी बधिरपणा आला आणि लघवी अडली, तर कमरेतल्या नसांवर जबर दाब आहे, शस्त्रक्रिया काही तासांत लागू शकते.

उरलेल्यांचं थोडक्यात. थायरॉईड मंदावलेला असला, मूत्रपिंडं थकली असली, की पाय जळतात. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येऊन हात आखडले तर रक्तातलं कॅल्शियम पाहावं, विशेषतः थायरॉईडच्या शस्त्रक्रियेनंतर. अशाच मुंग्या भीतीने भरभर श्वास घेतल्यावरही येतात. कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडून जातो आणि रक्तातल्या कॅल्शियमचा तोल तात्पुरता ढळतो. श्वास संथ केला की त्या ओसरतात. नागीण बरी झाल्यावर तिच्या पट्ट्यात मागे राहणारी आग महिनोन्‌महिने टिकते. एचआयव्ही आणि रक्तातली बिघडलेली प्रथिनं यांचीही आठवण ठेवावी लागते. आणि कधी सगळं सोडून बोटांच्या बेचक्यातली बुरशी किंवा प्लास्टिकच्या चपलेची ॲलर्जीच निघते, म्हणून तपासणाऱ्याने मोजे काढायला लावलेच पाहिजेत.

तपासण्यांची यादी फार लांब नाही. साखर आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी, रक्तगणना, बी-१२, थायरॉईड, क्रिएटिनीन. त्याआधी दवाखान्यातच १२८ कंपनांचा नादकाटा अंगठ्यावर टेकवून आणि दहा ग्रॅम दाबाने वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला लावून पुष्कळ काही कळतं. विजेची नस-तपासणी महाग असते आणि ती फक्त जाड धागे बघते. बारीक धाग्यांच्या आजारात ती अगदी सरळ येते. म्हणून "रिपोर्ट नॉर्मल आहे, तुमच्या मनाचे खेळ आहेत" असं ऐकावं लागलेल्यांना मी सांगेन की ती तपासणी तुमच्या आगीसाठी नव्हतीच. सगळं शोधूनही पाव ते तिसरा हिस्सा रुग्णांत कारण सापडत नाही. तेव्हाही त्रास खरा असतो आणि तो कमी करता येतो.

प्रिगॅबालिन, गॅबापेंटिन, ड्युलोक्सेटिन, ॲमिट्रिप्टिलिन ही औषधं आग शमवतात, मज्जातंतू दुरुस्त करत नाहीत. दुकानातून 'नसांची गोळी' म्हणून मिळते, तिच्यात पुष्कळदा मिथिलकोबालामिन आणि प्रिगॅबालिन एकत्र असतात. घेतली की झोप लागते, बरं वाटतं, मग तीच वर्षभर चालते. वयस्क माणूस गुंगीत पडतो आणि आतलं कारण वाढत राहतं. गोळीला माझा विरोध नाही, आईही घेते. कारणाचा शोध गोळीने मागे पडतो, त्याची चीड येते.

मज्जातंतू परत वाढतो तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. आईला बी-१२ची इंजेक्शनं सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी हे समजावून सांगितलं, आणि तिने कालनिर्णयाच्या त्या-त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने टिपणं करायला सुरुवात केली. पहिल्या महिन्यात मुंग्या जरा वाढल्याच. तिसऱ्या महिन्यात लिहिलं आहे, "पोटरी मोकळी." सातव्यात, "घोट्याखाली गेलं." परवा दूधवाल्याचा हिशेब बघायला कॅलेंडर उतरवलं, तर या महिन्याच्या चौकोनात तिच्या बारीक अक्षरात एवढंच होतं, "डावा अंगठा अजून आहे. रात्री पाय आत घेतले."